मेस्युएज म्हणजे घर, खळं आणि मांगर

मार्लेश्वरला निघालो होतो. हातखंब्याच्या अलीकडे गाडीचा मागचा टायर बसला. मी ड्रायव्हरला म्हटलं, "डिकीत स्टेपनी आहे ना रे? मग ऊन चढायच्या आत लावून टाक." शेजारी बसलेला भाचा हसायला लागला. तो लीड्सला असतो, बारा वर्षं झाली. म्हणाला, "मावशी, तिकडे कोणाकडे स्टेपनी माग, लंडनातल्या एका वस्तीचा पत्ता सांगतील. आणि डिकी तर..." पुढचं हसण्यातच गेलं. ड्रायव्हर मात्र हसला नाही. त्याने डिकी उघडली, स्टेपनी काढली, लावली, आम्ही निघालो.

मला ते हसणं लागलं. चाळीस वर्षं इंग्रजी टायपिंगवर पोट भरलेल्या बाईच्या इंग्रजीला हसायचं म्हणजे सुताराच्या रंध्याला नावं ठेवण्यासारखं. घरी आल्यावर शोधाशोध केली, तर गोष्ट भलतीच रंगतदार निघाली. सुरुवातीच्या मोटारींना जादा चाकच नसे. टायर फुटला की रस्त्याच्या कडेला बसून तो काढायचा, ठिगळ लावायचं, पुन्हा चढवायचा. वेल्समधल्या लानेली गावात डेव्हिस आडनावाच्या भावांनी १९०४ च्या सुमारास यावर तोड काढली. आरे नसलेली नुसती धाव, तिच्यावर हवा भरलेला टायर. फुटलेल्या चाकाला ती बाहेरून चापांनी जखडायची आणि गाडी पुढे न्यायची. त्यांचं दुकान स्टेपनी रस्त्यावर होतं, म्हणून चाकाचं नाव स्टेपनी. पुढे मोटारींबरोबर पाचवं चाक कारखान्यातूनच यायला लागलं, त्या धावेची गरज संपली, आणि तिकडचे लोक शब्दही विसरले. आपण नाही विसरलो. भूमध्य समुद्रातल्या माल्टा बेटावरचे लोकही नाही विसरले. म्हणजे हा शब्द चुकीचा नव्हे. त्याचं माहेर त्याला विसरलं, एवढंच.

डिकीचंही तसंच. जुन्या मोटारींच्या पाठीमागे उघडून बसायची एक जादा बैठक असे, तिला डिकी म्हणत. बैठक गेली, जागा राहिली, आपण जागेला तेच नाव ठेवलं. टिफिन हा शब्द घोट घोट पिण्याला वापरल्या जाणाऱ्या एका जुन्या बाजारी इंग्रजी शब्दावरून आला असं सांगतात. यूल आणि बर्नेल या दोघांनी १८८६ साली 'हॉब्सन-जॉब्सन' नावाचा अँग्लो-इंडियन शब्दांचा जाडजूड कोश छापला, त्यात टिफिनची चर्चा आहे. विलायतेत तो शब्द केव्हाच निवर्तला. आमच्या रत्नागिरीतल्या जयस्तंभावर मात्र दुपारी एक वाजता कचेरीकचेरीत टिफिन उघडतो. 'थ्राइस' म्हणजे तीनदा, तिकडे आता नाटकात किंवा गमतीत म्हणतात. आमच्याकडे डॉक्टर गोळी 'थ्राइस अ डे' लिहून देतो आणि पेशंट ती तीनदाच घेतो. साहेब जागेवर नाहीत तर 'आउट ऑफ स्टेशन' असतात. हे स्टेशन रेल्वेचं नव्हे, कंपनी सरकारच्या गोऱ्या अंमलदारांच्या नेमणुकीचं ठिकाण. अंमलदार गेले, साहेब आजही स्टेशनाबाहेरच असतात.

या बाबतीत आपण कोकणातल्या लोकांनी कमीपणा मानायचं मुळीच कारण नाही. पाणी आटत गेलं की ते कडेकपारीच्या खळग्यांत साठून राहतं, तसे शब्दही मधल्या मोठ्या शहरांतून निघून गेले तरी कडेला टिकतात. माझी आई 'आगोटीच्या आत' म्हणायची. पावसाळा लागायच्या आत करायची सगळी धावपळ, तांदळापासून लाकूडफाट्यापर्यंतची बेगमी, घराची शाकारणी, सगळं त्या एका शब्दात. माझ्या देशावरच्या जावेला आगोट म्हणजे काय हे लग्नानंतर वीस वर्षांनी कळलं. ती जुनाट ठरवून हसली असती तर मी काय म्हटलं असतं? म्हटलं असतं, बाई गं, जूनच्या पहिल्या पावसात ज्याच्या घरात तांदूळ नाही त्याला जाऊन विचार, शब्द जुना आहे का ते.

हे मी एवढ्या हिरिरीने लिहिते, कारण या खेपेच्या उन्हाळ्यात भाचा एकटाच हसणारा नव्हता. हल्ली सगळीकडेच इंग्रजी शब्दांचं वय तपासायची टूम आहे. २०२४ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या पॉल ग्रॅहम या नामांकित गुंतवणूकदाराने जाहीरपणे लिहिलं की, एका पत्रात 'डेल्व्ह' हा शब्द दिसला आणि त्यावरून ते पत्र यंत्राने लिहिलं असावं असं त्याला वाटलं. माणसं असा शब्द बोलत नाहीत, असा एकूण सूर. त्यावर नायजेरियातली माणसं खवळून उठली. आम्ही शाळेत हेच इंग्रजी शिकलो, रोज वापरतो, आम्ही यंत्रं का? मला त्यांचं पुरतं पटलं. डेल्व्हचा मूळ अर्थ खणणे. इंग्रजांनी फावडं खाली ठेवलं, ते आफ्रिकेतल्या लोकांनी उचललं आणि वापरलं, तर यात लाज कोणी वाटून घ्यायची?

पण मग सगळे जुने शब्द मला प्रिय, असंही नाही. काही शब्दांचा मला मनापासून राग आहे, आणि तो चाळीस वर्षांचा आहे.

मी टायपिंगला बसले १९८४ साली. रेमिंग्टनचं मशीन, पानाला दीड रुपया, कार्बन घालून तीन प्रती. चौथी काढली तर फिकी यायची आणि पक्षकार कुरकुरायचा. चाळीसच्या स्पीडची परीक्षा पास झाले होते, बोटं चालत होती. अर्थाशी आपला काय संबंध, अशी समजूत होती. वकिलाच्या कारकुनाने मसुदा द्यायचा, मी तो उठवायचा. अर्ज सुरू व्हायचा 'मोस्ट रिस्पेक्टफुली शोएथ'ने. खरेदीखतात यायचं 'नाउ धिस डीड विटनेसेथ'. क्रियापदाच्या शेवटचा तो 'एथ' इंग्रजांच्या तोंडून जाऊन तीनशे वर्षं उलटली असतील. रत्नागिरीत मी तो दिवसाला दहा वेळा बडवत होते. शेक्सपिअरला कोकणात कोणी आठवत नसेल, पण त्याच्या काळचा प्रत्यय माझ्या रिबिनीवर शाबूत होता.

आणि एक शब्द होता मेस्युएज. 'ऑल दॅट पीस ऑर पार्सल ऑफ लँड' अशी सुरुवात झाली की त्याच्या पाठोपाठ मेस्युएजेस, टेनेमेंट्स, हेरेडिटामेंट्स अशी वरात निघायची. हेरेडिटामेंट्स टाइप करताना माझी करंगळी दुखायची. मेस्युएजचा अर्थ मला वीस वर्षं ठाऊक नव्हता. कारकुनाला विचारलं, त्यालाही ठाऊक नव्हता. "असतो तो शब्द, घालायचा," म्हणाला. एकदा पावसाळ्यात लाइट गेलेली, गिऱ्हाईक नाही, म्हणून मुलाची डिक्शनरी उघडून बघितलं. राहतं घर, त्याला लागून असलेल्या इमारती आणि भोवतालची जागा. म्हणजे घर, पुढचं खळं, मागचा मांगर, गोठा, परसू! माझ्या मामाच्या घराचं अख्खं चित्र त्या एका शब्दात होतं, आणि मी ते वीस वर्षं न बघता टाइप केलं होतं. मला हसूही आलं आणि चीडही आली. ज्यांचं घर विकलं जात होतं त्यांनाही ते कधी दिसलं नसणार, कारण त्यांना कोणी वाचूनच दाखवलं नसणार. दाखवलं असतं तरी ऐकणाऱ्याला काय कळणार होतं?

स्टेपनी आणि मेस्युएज दोन्ही जुने, दोन्ही तिकडे मोडीत निघालेले. एक शब्द ड्रायव्हरलाही कळतो आणि मलाही, दुसरा माझ्या टेबलाच्या कुठल्याच बाजूला कळत नाही आणि तरी त्याच्यावर अंगठा उठतो. माझं भांडण या दुसऱ्याशी आहे. आणि वयाचा हिशेब मी त्यात धरत नाही.

अवघड शब्द नुसता मिरवला तर मला राग येत नाही. शशी थरूरांनी २०१७ च्या मे महिन्यात ट्विटरवर 'फरागो' हा शब्द वापरला आणि देशभर लोक डिक्शनऱ्या उघडून बसले. पुढे त्यांनी शब्दांवर एक अख्खं पुस्तकच काढलं. मला तर ती मौज वाटली. कारण फरागोचं लॅटिन मूळ बघितलं तर निघाली गुरांना घालायची मिश्र वैरण. पेंढा, कडबा, चारा, जे असेल ते एकत्र. एवढा सुटाबुटातला शब्द, गोठ्यातून आलेला! असे शब्द लोकांना गंमत म्हणून कळले तर कोणाचं काय बिघडतं? सभासमारंभातलं 'ऑगस्ट गॅदरिंग'ही मी चालवून घेते. आमच्या आळीतल्या एका मुलाने मला विचारलं होतं, कार्यक्रम तर जानेवारीत आहे, मग ऑगस्ट का म्हणाले? त्याला सांगितलं, ऑगस्ट म्हणजे थोरामोठ्यांचा. तो म्हणाला, "मग पुढच्या रांगेत तर आम्हीच बसलो होतो." शब्द कळला, हसला, संपला विषय. तिथे कोणाची जमीन जात नव्हती.

दस्तात जाते.

इंग्रजी दस्तात 'विल अँड टेस्टामेंट', 'गुड्स अँड चॅटल्स' अशा जोड्या का असतात, याचं कुतूहल मला फार दिवस होतं. एकाच गोष्टीला दोन शब्द का? उत्तर इतिहासात आहे. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, तेव्हापासून राज्यकर्त्यांची भाषा फ्रेंच, धर्माची आणि दफ्तराची लॅटिन, रयतेची इंग्रजी. मग कोर्टात फ्रेंच चाले आणि खेड्यातला माणूस तोंडाकडे बघत राही. १३६२ साली तिसऱ्या एडवर्ड राजाच्या काळात कायदा झाला की दावे इंग्रजीतून बोलावेत, कारण आपल्याविरुद्ध काय बोललं जातंय तेच लोकांना कळत नाही. यातली गंमत अशी की हा कायदा लिहिला होता फ्रेंचमध्ये! आणि दफ्तरातली लॅटिन जायला अठरावं शतक उजाडलं. तोवर दोन्ही बाजूंना कळावं म्हणून, आणि पुढे नुसती सवय म्हणून, एक देशी आणि एक परका असे शब्द जोडीने लिहायची पद्धत पडली.

हे वाचलं आणि मला एकदम आपलं 'धनदौलत' आठवलं. धन संस्कृत, दौलत अरबी. कागदपत्र: कागद तिकडचा, पत्र इकडचं. बाजारहाट: बाजार फारसी, हाट आपली. आपल्याकडेही राजाची भाषा एक आणि रयतेची दुसरी असं शतकानुशतकं चाललं, त्याचे हे सांधे. फरक इतकाच की धनदौलत, बाजारहाट आपण जिभेवर घोळवून गुळगुळीत केले आणि घरात घेतले. हेरेडिटामेंट्स कोणाच्याच घरात कधी आलं नाही.

मराठी दस्त लिहिणाऱ्यांनी मात्र यावर मान डोलावू नये. 'सदरहू मिळकतीचा', 'मजकूर इसमास', 'मौजे अमुक' हे कोण लिहितं? मजकूर म्हणजे उल्लेख केलेला, इंग्रजी 'द सेड'चा सख्खा भाऊ. पेपरवाल्यांनी तो बिचारा सोडवून आणला आणि छापायच्या लिखाणाला लावला, म्हणून आज तुम्हाला कळतो. पोलिसांच्या कागदात तो अजून जुन्याच अर्थाने कोठडीत आहे. तागायतचं नशीब त्याहून बरं, 'आजतागायत'च्या पाठीवर बसून तो स्वयंपाकघरापर्यंत आला.

शब्द हुकमाने घालवता येतात का? शिवाजी महाराजांनी प्रयत्न केला. रघुनाथपंतांकडून राज्यव्यवहारकोश करून घेतला, फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द, हजाराच्या वर. सदरहू तरीही उरलाच. आमच्या रत्नागिरीत सावरकर १९२४ ते १९३७ स्थानबद्ध होते, भाषाशुद्धीची त्यांची चळवळ इथूनच जोमाने चालली. महापौर, हुतात्मा, चित्रपट हे त्यांच्या नावावर सांगितले जाणारे शब्द इतके रुळले की ते कधी नवे होते हेच आपण विसरलो. दिनांकही त्यांचाच सांगतात. तो फॉर्मावर आला, कागदाच्या उजव्या कोपऱ्यात कायमचा बसला. पण कोर्टात तारीखच पडते. दिनांक पडल्याचं मी चाळीस वर्षांत एकदाही ऐकलं नाही. पुढे महाराष्ट्र सरकारने पदनाम कोश काढला, लोकांनी त्याला 'बदनाम कोश' म्हणून हिणवलं, तरी जिल्हाधिकारी आणि कार्यकारी अभियंता त्यातून आले आणि पाटीवर टिकले. तोंडात मात्र कलेक्टर. याचा मला लागलेला अर्थ असा की लोक शब्दाचं कूळ विचारत नाहीत. उपयोगी पडला की अरबी असो, संस्कृत असो, लानेलीचा असो, ठेवून घेतात.

म्हणूनच न कळणारा शब्द टिकतो तेव्हा मला संशय येतो. त्याचा उपयोग कोणाला तरी होत असला पाहिजे. एक तर मलाच होत होता. इंग्लंडात एके काळी दस्ताच्या लांबीवर लिहिणाऱ्यांना पैसे मिळत, म्हणून दस्त लांबत. मला पानावर पैसे मिळत. 'हियरइनअबव्ह' आणि 'नॉटविथस्टँडिंग' यांनी माझं एक पान सव्वा पान केलं असेल, तर त्या पाव पानांतून मुलाची फी भरली गेली. ते नाकारून कसं चालेल? पण पक्षकाराला वाटायचं, एवढं जाड इंग्रजी आहे म्हणजे काम भक्कम झालं. मंत्र कळला नाही तरी भटजींचा आवाज खणखणीत असला की दक्षिणा द्यायला हात आखडत नाही, तसं.

हा खणखणीतपणा कुठवर जातो? २०१७ सालच्या एप्रिलची गोष्ट. हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयाचा घरमालक-भाडेकरूच्या भांडणातला एक निकाल सर्वोच्च न्यायालयात आला. न्यायमूर्ती मदन लोकूर आणि दीपक गुप्ता यांनी तो वाचला आणि रद्द करून परत पाठवला. कारण? निकालाची भाषाच कळत नव्हती. देशाच्या सर्वांत वरच्या कोर्टातल्या दोन न्यायमूर्तींना जे इंग्रजी उमगलं नाही, त्याच्यावर एका भाडेकरूचं छप्पर अवलंबून होतं.

खुद्द इंग्लंडात १९९९ च्या एप्रिलपासून कोर्टाच्या कामकाजाचे नियम बदलले, आणि 'प्लेंटिफ' हा शब्द काढून 'क्लेमंट' आणला. दावा सांगणारा तो क्लेमंट, बस. आपल्याकडे १९०८ च्या दिवाणी संहितेतला प्लेंटिफ अजून उभा आहे. इथे मात्र मराठी पुढे आहे. वादी आणि प्रतिवादी शेंबड्या पोरालाही कळतात. जिल्हा आणि तालुका कोर्टांची भाषा मराठी असावी अशी अधिसूचना सरकारने १९९८ साली काढली, तेव्हापासून माझ्याकडचं मराठी काम वाढलं हे खरं. पण अपिलात हायकोर्टात गेलं की पुन्हा इंग्रजी. २०२५ च्या ऑगस्टपासून आमची अपिलं मुंबईऐवजी कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात. प्रवास वाचला, पैसा वाचला, फार चांगलं झालं. पण आंबा घाट चढून गेलेल्या माणसाला वर जाऊन ऐकायला मिळतं ते इंग्रजीच.

एका ज्येष्ठ वकिलांशी मी यावर वाद घातला होता. ते म्हणाले, "बाई, या शब्दांचे अर्थ कोर्टांनी शंभर वेळा घासून ठरवलेत. तुम्ही सोपा शब्द घातलात तर त्याचा अर्थ ठरवायला आणखी शंभर वर्षं दावे चालतील." यात तथ्य आहे. मॉर्गेज या शब्दाचं मूळ 'मेलेलं तारण' असं काहीतरी अभद्र आहे, पण तो बदला असं मी म्हणणार नाही, कारण त्याच्यामागे अख्खा कायदा उभा आहे. ईझमेंटही राहू दे, १८८२ चा कायदाच त्याच्या नावाने आहे. पण 'अफोरसेड'चा अर्थ कुठल्या कोर्टाने घासून ठरवला? 'वर सांगितलेली' एवढंच ना? मग वर सांगितलेली म्हणा की. वकीलसाहेब हसले आणि मला चहा मागवला. हरलेल्या वादात चहा मिळतो तसा तो होता की जिंकलेल्या, हे मला अजून कळलेलं नाही.

गेल्या मार्गशीर्षात लांजा तालुक्यातल्या एका वाडीतली म्हातारी माझ्याकडे आली. सत्तरीच्या पुढची, नऊवारी, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद. मुंबईच्या पुतण्यांनी वाटणीपत्राचा मसुदा पाठवला होता, इंग्रजीत, कारण पुतण्यांची मुलं इंग्रजी शाळेतली आणि त्यांचा वकील फोर्टातला. सही करायच्या आधी मराठीत टाइप करून घ्या, असं इथल्या वकिलाने तिला सांगितलं होतं, हे त्याचे उपकारच. "बाय, ह्यात काय लिवलंन ता वाच आदी," म्हणाली. मी वाचायला घेतलं. दुसऱ्या पानावर जुना ओळखीचा भेटला. मेस्युएज.

मी त्याच्या जागी लिहिलं: राहतं घर, पुढील खळं, मांगर, गोठा, विहीर आणि परसातले सात माड. मोठ्याने वाचून दाखवलं. म्हातारी डोळे मिटून ऐकत होती. एकेक नावाला बोटाचं एकेक पेर धरत होती. घर, खळं, मांगर. गोठ्याला तिचं बोट जरा थांबलं, गाय गेली असावी. विहीर, माड. पुढचं पेर धरलं आणि डोळे उघडले.

"मंग पाखाडी?"

मी मसुदा पहिल्यापासून परत चाळला. चार पानं होती. विहिरीवर जायची दगडी पाखाडी पुतण्यांच्या वाट्याला गेलेल्या तुकड्यातून उतरते, हे तिने मला बोटाने टेबलावर रेघ ओढून दाखवलं. सासूने बांधून घेतलेली, म्हणाली, चौदा पायऱ्या. मसुद्यात ती नव्हती. मी इथल्या वकिलांना फोन लावला. त्यांनी समोर प्रत घेतली, थोडा वेळ गेला. मग म्हणाले, तिसऱ्या पानावर 'अपर्टनन्सेस' शब्द आहे बघा, त्यात वाटा, पायवाटा, सगळं येतं. काळजी नको म्हणून सांगा तिला.

मी तिला सांगितलं, तिथे एक मोठा शब्द आहे, त्यात पाखाडी येते म्हणतात.

"येतेय ना," म्हातारी म्हणाली, "मंग लिव की."

लिहिली. चौदा पायऱ्यांसकट.